वरच्या फळीवरच्या माश्या

आजोबा चौतीस वर्षांचे होते. हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता सांगता येत नाही, कारण ज्यांनी ठेवलं ते सगळे डॉक्टर होऊन निघून गेले. नाव मागे राहिलं आणि आजोबाही. विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या प्रयोगशाळेत त्यांचं पीएचडीचं आठवं वर्ष चालू होतं. विषय होता म्हातारपण. माणसांचं नाही, माश्यांचं. तरी त्यांचे विरळ झालेले केस बघून आमच्यात म्हणत, की विषयात इतका शिरलेला माणूस दुसरा नाही.

मी तिथे नवा होतो. आमच्या गावच्या शाळेत प्रयोगशाळा होती, पण तिला कायम कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक कायम मीटिंगला. त्यामुळे इथे आल्यावर मी दिसेल त्या यंत्राला वचकून असायचो. आजोबांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "इथली सगळी यंत्रं आधीच बिघडलेली आहेत. तुझ्यावर आळ येणार नाही. चहा घेतोस?"

या माश्या म्हणजे पिकलेल्या फळांवर घोंघावतात त्या, तिळाएवढ्या. त्या बोटाएवढ्या काचेच्या कुप्यांत ठेवायच्या, तोंडाला कापसाचा बोळा, तळाशी मका, साखर आणि यीस्ट शिजवून ओतलेलं खाणं. त्याचा एक आंबूस वास सबंध मजल्यावर पसरलेला असे आणि तो कपड्यांना लागला की धुऊनही जात नसे. आजोबांकडे दोन प्रकारच्या माश्या होत्या. एक साध्या. दुसऱ्यांच्या अंगातलं एक जनुक काढून टाकलेलं. आजोबांचं म्हणणं होतं, की ते जनुक नसलं की माशी जास्त जगते. आठ वर्षांचं काम या एका वाक्यात मावत होतं. ते सिद्ध करायची रीतही तशी सोपी. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन्ही प्रकारच्या माश्या घ्यायच्या, इन्क्युबेटर नावाच्या मोठ्या कपाटात पंचवीस अंशांवर ठेवायच्या, एक दिवसाआड कुप्या बदलायच्या आणि मेलेल्या मोजायच्या. शेवटची माशी मरेपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून.

घरी त्यांची आई होती आणि थोरली बहीण. ताई एका दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसायची आणि जेवणाच्या सुट्टीत फोन करायची. कधी ती घरून बोलली की तिचा नवरा, म्हणजे आजोबांचे भाऊजी, मागून हमखास ओरडायचे, "काय साहेब, अजून माश्याच मारताय का?"

"मी नाही मारत, भाऊजी," आजोबा म्हणायचे. "त्या आपल्या आपण मरतात. मी नुसता बसून असतो."

भाऊजी हसायचे. आजोबाही हसायचे. त्यांचे वडील गेले तेव्हा ते क्रियाकर्म उरकून लगोलग परतले होते, कारण कुप्या बदलायच्या होत्या आणि बदलणारं दुसरं कुणी नव्हतं. ताईने ते कधी बोलून दाखवलं नाही. "बोलली असती तर बरं झालं असतं," आजोबा एकदा मला म्हणाले, आणि लगेच कापसाचे बोळे वळायला लागले.

मी आलो त्या वर्षी मात्र सगळं जुळून आलं होतं. प्रबंध लिहून तयार होता. विभागाचा नियम असा, की प्रबंध द्यायच्या आधी एक तरी लेख कुठल्या तरी बऱ्या नियतकालिकात छापून यायला हवा. आजोबांचा लेख परीक्षकाकडे गेला होता. एका कॉलेजने त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती. नवं सत्र सुरू व्हायच्या आत डिग्री आणा, टेबलखुर्ची तुमची. आमचे सर, म्हणजे आजोबांचे मार्गदर्शक, त्याच सुमाराला निवृत्त होणार होते, आणि सर गेले की प्रयोगशाळाही जाणार होती. म्हणजे जे काय व्हायचं ते याच सत्रात. परीक्षकाने लेख वाचून एवढंच विचारलं होतं, की हाच प्रयोग दुसऱ्या कुणाच्या हातून करून दाखवा.

तो दुसरा हात माझा.

मी केला. शेवटची माशी मरेपर्यंत केला. दोन्ही प्रकारच्या माश्या साधारण सारख्याच दिवशी मेल्या. फरक काही नाही.

सरांच्या खोलीत तेव्हा पुस्तकं खोक्यांत भरणं चालू होतं. ते खोक्यावर बसूनच म्हणाले, "हात नवा आहे. आजोबा, शिकव त्याला. माशी धरायची म्हणजे बैल धरायचा नाही, हे सांग." सर सुद्धा त्यांना आजोबाच म्हणत, स्वतः निवृत्तीला आलेले असून.

मला वाईट वाटलं, पण खरंही वाटलं. आठ वर्षं एकच काम करणारा माणूस कुठे आणि मी कुठे. दुसऱ्या वेळी आजोबा सुरुवातीचे सगळे दिवस माझ्या शेजारी बसून राहिले. माश्यांना झोपवायचा गॅस किती द्यायचा, ब्रशच्या टोकाने त्यांना पाठीवर कसं ढकलायचं, कुपीत टाकल्यावर ती आडवी ठेवायची म्हणजे झोपेत त्या खाण्याला चिकटून मरत नाहीत, सगळं दाखवलं. "हळू. अंगणात निजलेल्या पोराला उचलून आत नेतोस ना, तसं." मग स्वतः ट्रे उचलले आणि इन्क्युबेटरमध्ये नीट लावून दिले. एक दिवसाआड मी कुप्या बदलायचो आणि ते ट्रे पुन्हा जागच्या जागी ठेवायचे.

या वेळी फरक आला. आजोबांचा यायचा तसाच, ठळक. साध्या माश्या संपल्या तरी जनुक काढलेल्या कितीतरी कुपीत चालत होत्या. सरांनी त्या दिवशी सगळ्या मजल्याला चहा पाजला. सरांनी याआधी कधी चहा पाजल्याचं विभागात कुणाला आठवत नव्हतं. आजोबांनी ताईला फोन केला आणि ताई म्हणाली, "या वेळी आईला सांगू ना? नक्की? मागल्या वेळेसारखं सांगून मग फिरवायला नको हं." "सांग," आजोबा म्हणाले.

उरलं होतं ते परीक्षकाला उत्तर. सर म्हणाले, "पहिल्यांदा का नाही आलं आणि दुसऱ्यांदा का आलं, तेवढं चार ओळींत लिहा. त्याचं समाधान झालं की सुटलो."

दुपारी आम्ही दोघं इन्क्युबेटरसमोर स्टुलावर बसलो. आजोबा खुशीत होते. पाय हलवत होते.

"लिही," ते म्हणाले. "पहिल्या वेळी गॅस जास्त झाला."

"पण तो दोन्ही माश्यांना जास्त झाला, आजोबा. एकाच बैठकीत झोपवल्या होत्या."

"बरं. ब्रश. तुझा ब्रश म्हणजे खराटा."

"खराटा दोघींनाही सारखाच बसला."

"खाणं?"

"एकाच पातेल्यातलं."

"मग वेगळं काय केलंस तू?" ते हसून म्हणाले. "काहीतरी घाण केली असणारच. कुप्या कुठे ठेवायचास?"

"जागा मिळेल तिथे. आज इथे, परवा तिथे."

"अरे! असं नाही करायचं. आपल्या वरच्या फळीवर ठेवायच्या, अगदी मागे. पुढे ठेवल्या की दर वेळी दार उघडतं, कुणाचा तरी धक्का लागतो. मागे सुखात राहतात त्या."

"कोण?"

"कोण म्हणजे? आपल्या. जनुक काढलेल्या."

"आणि साध्या?"

मी हे मुद्दाम विचारलं नव्हतं. लिहायचं होतं म्हणून विचारलं. साध्या कुठल्या फळीवर, ते वाक्यात यायला हवं होतं ना. पण आजोबांचे पाय हलायचे थांबले.

त्यांनी दार उघडून वरच्या फळीच्या मागे हात घातला. तिथे गार हवा आत सोडणारी एक जाळी होती. हात त्यांनी बराच वेळ तसाच आत धरून ठेवला. मग तो काढून खालच्या फळीवर पुढे ठेवला, जिथे साध्या माश्या असायच्या. दाराच्या पाटीवर पंचवीस अंश दिसत होते. नेहमीच दिसायचे.

"पेल्यात पाणी आण," ते म्हणाले. "दोन पेले. आणि दोन थर्मामीटर."

पेले दोन्हीकडे ठेवून आम्ही दार लावलं. लगेच काही कळणार नव्हतं, म्हणून तिथेच बसून राहिलो. आजोबा स्वतःहून सांगायला लागले. सुरुवातीला ते कुप्यांच्या जागा रोज बदलत असत. तसाच नियम आहे. कपाटात हवा सगळीकडे सारखी नसते, गारव्यात माशी हळू म्हातारी होते आणि जास्त जगते, हे पहिल्या पुस्तकात असतं. आम्हा नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात हे आजोबांनीच शिकवलं होतं. पण दुसऱ्या वर्षी कुणीतरी आपली बाटली काढताना पुढचा ट्रे पाडला आणि त्यांच्या जनुक काढलेल्या माश्यांची सबंध पिढी फरशीवर फुटली. त्या तयार करायला त्यांना वर्ष लागलं होतं. तेव्हापासून ते त्यांना मागे ठेवायला लागले. वर, मागे, कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी.

"आणि त्यानंतर," आजोबा म्हणाले, "निकाल एकदम स्वच्छ यायला लागले. त्याआधी फरक यायचा, पण असा, अंधुक. कधी यायचा, कधी नाही. मला वाटलं, माझा हात बसला."

मी घड्याळ बघितलं. पेले अजून आतच होते.

"साध्यांना कुणी जपत नाही रे," ते म्हणाले. "त्या हव्या तेवढ्या मिळतात."

दोन पेल्यांत दोन अंशांचा फरक होता. आजोबांनी थर्मामीटर आलटून पालटून पाहिले. फरक पेल्यांतच होता.

सरांकडे ते मला बरोबर घेऊन गेले. सरांनी सगळं ऐकलं. त्यांच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं, त्याचं टोक शोधत ते ऐकत होते.

"मग आता काय म्हणणं आहे तुझं?" सर म्हणाले.

"जागा रोज बदलून पुन्हा करावं लागेल, सर."

"तोपर्यंत सत्र सुरू होईल. मी इथे नसेन. तुझी ती जागा दुसरा घेईल."

"हो, सर."

"जनुकाचा काहीच परिणाम नाही, असं तर नाही ना दिसलं अजून?"

"नाही. अजून काहीच माहीत नाही."

"मग झालं तर." सरांना टोक सापडलं आणि त्यांनी चर्रकन पट्टी ओढली. "असा प्रत्येक जण पेल्यात पाणी घालून बसला तर एकही लेख छापून येणार नाही. याच्या हातून निकाल आलाय. पाठव आणि सुट. चूक असेल तर पुढे कुणीतरी दाखवेल. विज्ञान म्हणजे तेच असतं."

आजोबा दारात उभे होते. "सर," ते म्हणाले, "तो कुणीतरी पण माझ्यासारखाच असेल ना. कुठेतरी आठ वर्षं बसेल बिचारा."

सर वर बघेनात. खोक्यावर पट्टी चिकटवत राहिले. मग म्हणाले, "प्रबंध तुझा आहे. मी सही करायला बसलोय. कशावर करायची ते तू ठरव."

जिन्यात मी आजोबांना म्हटलं, पाठवून द्या. अगदी मनापासून म्हटलं. डिग्री घ्या, नोकरी लागू द्या, मग वाटलं तर तिथे बसून पुन्हा करा. आजोबा एका पायरीवर थांबले आणि म्हणाले, "त्या कॉलेजात इन्क्युबेटर नाही रे." आणि हसले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा त्यांनी नव्या माश्या गोळा करायला घेतल्या होत्या. लेख त्यांनी परत मागवला होता. मला म्हणाले, "तू कुप्यांवर नुसते खुणेचे टिपके दे. कुठल्या कुठल्या ते मला सांगू नको. जागाही तूच बदल. माझा हात लागायला नको." आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या माश्या कुठल्या ते माहीत नव्हतं. ते रोज मेलेल्या मोजायचे, मला आकडा सांगायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी तोंड दगडासारखं ठेवायला शिकलो.

"थोडा जरी फरक उरला तरी पुरे," ते म्हणायचे. "ठळक नको. अंधुक चालेल. अंधुकावर सुद्धा प्रबंध होतो. लोकांचे झालेत."

तोवर बाकीचं सगळं आपल्या गतीने घडत गेलं. सरांचा निरोप समारंभ झाला. आजोबांनी खुर्च्या लावल्या, चहा वाटला आणि मागे उभे राहून भाषणं ऐकली. सरांनी भाषणात सगळ्या विद्यार्थ्यांची नावं घेतली आणि आजोबांचं घेताना क्षणभर अडखळले, कारण खरं नाव त्यांना चटकन आठवेना. कॉलेजमधून फोन आला. तो आजोबांनी बाहेर व्हरांड्यात जाऊन घेतला आणि परत येऊन म्हणाले, "चांगली माणसं आहेत. फार वेळ थांबली." त्या जागेवर कुणी तरी रुजू झाली, तिचा विषय शेवाळ होता, एवढं नंतर कळलं. वसतिगृहातली खोली सोडायला सांगितली गेली, तेव्हा ते माझ्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहायला लागले. पहाटे मी उठायच्या आत गादी गुंडाळून ठेवायचे, जणू ती कुणाला दिसू नये.

कुप्यांतल्या माश्या म्हाताऱ्या होत गेल्या. म्हातारी माशी काचेवर चढते आणि घसरते. पुन्हा चढते. आजोबा भिंग न लावता ते बघत बसायचे. टिपक्यांचा अर्थ मला माहीत होता आणि मला दिसत होतं काय चाललंय. दोन्हींकडच्या सारख्याच घसरत होत्या.

शेवटची माशी एका सकाळी मेली. आजोबांनी कुपी टेबलावर आपटून खात्री केली, आकडा सांगितला आणि म्हणाले, "आता सांग."

मी दोन रेघा काढलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला. रेघा दोन होत्या हे सांगावं लागलं, कारण एकावर एक होत्या.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीकडे नेला. "अंधुक पण नाही," ते म्हणाले.

विभागात त्यांनी विचारून पाहिलं. काही सापडलं नाही असा प्रबंध कुणी पुढे पाठवेना. दोन प्राध्यापक त्यांना आपल्याकडे घ्यायला तयार होते, पण विषय नवा, पहिल्यापासून. एकाने तर प्रेमाने पाठीवर हात ठेवून सांगितलं, "तुझ्या अनुभवाला चार वर्षांत होईल." आजोबा हो म्हणून बाहेर आले आणि नंतर त्यांच्याकडे परत गेले नाहीत.

प्रयोगशाळा रिकामी करून द्यायची होती. माश्या गोठवल्या की मरतात, म्हणून पैदाशीसाठी ठेवलेले सगळे ट्रे मी बर्फाच्या कपाटात ठेवले. आजोबा तेवढा वेळ खाली चहाला गेले होते.  परत आल्यावर त्यांनी बाह्या वर सरसावल्या आणि मोरीपाशी उभे राहून कुप्या धुवायला घेतल्या. लांब ब्रश आत घालायचा, फिरवायचा, उपडी ठेवायची. मी विसळत होतो. दुपारची वेळ होती. फोन वाजला, त्यांचे हात साबणाचे, म्हणून मी तो स्पीकरवर टाकून नळाजवळ ठेवला.

"काय रे," ताई म्हणाली. "पंधरवडा झाला फोन नाही. झालं का काम?"

"झालं, ताई."

"म्हणजे डिग्री?"

"नाही. काम झालं. निकाल नाही आला."

पलीकडे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. कुणीतरी तिला काही विचारलं, ती "सुट्टी आहे, थांबा जरा" असं त्याच्यावर खेकसली.

"नापास केलं का तुला?"

"नाही गं. परीक्षेपर्यंत गेलंच नाही. मीच परत घेतलं. माझीच चूक होती."

"मग चूक दुरुस्त केलीस ना?"

"केली."

"मग?"

"दुरुस्त केल्यावर काही उरलं नाही."

 मी नळ बंद केला, पाण्याचा आवाज फारच मोठा वाटत होता.

"अरे, पण आठ वर्षं गेलास तू तिथे," ती म्हणाली. "रोज गेलास. सुट्टीला सुद्धा गेलास. बाबांच्या वेळी सुद्धा..." तिथे ती थांबली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "त्याचं काहीच देत नाहीत का? हजेरीचं तरी?"

"हजेरीचं नसतं, ताई."

"बरं." तिने नाक ओढलं. "मी आईला काय सांगू? तिने शेजारी सांगून ठेवलंय. तू सांगितलंस म्हणूनच सांगितलं ना मी तिला."

आजोबांनी हातातली कुपी उपडी ठेवली. हात पुसायला फडकं शोधलं, मिळालं नाही, तसेच ओले हात टेबलावर टेकवून ते स्टुलावर बसले.

"तुला वेळ आहे का?" त्यांनी विचारलं.

"अर्धा तास आहे. डबा खातेय. बोल."

"मग ऐक. दोन प्रकारच्या माश्या असतात," आजोबा म्हणाले. "एक साध्या."

"हं," ताई म्हणाली.